हाकणारा मागे असतो

परवा आगारात आम्हा कंडक्टर लोकांच्या हातात तिकीट छापणारी मशीनं दिली आणि तिकिटांचे जुने ट्रे जमा करून घेतले. ट्रे देताना मला काडीचंही वाईट वाटलं नाही. त्या ट्रेच्या वजनानं माझा डावा खांदा कायमचा खाली आणलाय, आणि शर्टाचं माप घेताना शिंपी दर वेळी मला सरळ उभं राहायला सांगतो. पण पत्र्याची पेटी रिकामी करताना तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक आरसा निघाला. हिरव्या प्लास्टिकच्या चौकटीचा, एका कोपऱ्याला चीर गेलेला, बाजारात फणीबरोबर विकतात तसला. नवीन भरती झालेली पोरं हसायला लागली. एकानं विचारलं, "मास्तर, एवढं सजून कुठं जाता तुम्ही?" मी म्हणालो, "म्हातारपणी हौस आली." खरं सांगायचं तर वेळ लागला असता. तो वेळ आज काढतो.

आरसा म्हस्कूआण्णांचा. शिरूर, न्हावरे, चौफुला, पाटस, दौंड या फेरीवर आम्ही कित्येक वर्षं जोडीनं काम केलं. ते ड्रायव्हर, मी कंडक्टर. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, न्हावऱ्याजवळच्या वस्तीवरचे, घर मेंढपाळांचं. मी दौंडचा. वडील रेल्वेत खलाशी. आमच्या वस्तीत इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला मी पहिला, त्यामुळे मी मास्तर होणार हे वस्तीनं माझ्याआधीच ठरवून टाकलं होतं. मास्तरकी काही मिळाली नाही. एसटीत लागलो आणि पहिल्याच दिवशी ड्रायव्हरनं हाक मारली, "मास्तर, घंटी मारा." एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आमच्यात देवाचं नाव घ्यायची पद्धत नाही, नाहीतर म्हटलं असतं की देवानं ऐकलं, पण अर्धवट ऐकलं.

इंग्रजीची खोड मात्र गेली नाही. पुण्याला रस्त्यावर जुनी पुस्तकं विकतात तिथं मला एक जाडजूड इंग्रजी कोश मिळाला होता. त्यात प्रत्येक शब्दाचा अर्थ तर होताच, पण तो शब्द कुठून आला, त्याचा आजा-पणजा कोण, हेही दिलेलं होतं. तो कोश माझ्या पेटीत असायचा. चौफुल्याला गाडी चहाला थांबली की मी एक शब्द वाचायचो. म्हस्कूआण्णा विचारायचे, "आज कोन घावलं?" मी सांगायचो. ऐकून ते मान हलवायचे आणि बशीतला चहा संपवायचे.

आता आण्णांविषयी. अंगानं वाळक्या शेंगदाण्यासारखे, मिशा मात्र दोन माणसांना पुरतील एवढ्या. गाडी उभी असली की खाली उतरून एका पायावर उभे राहायचे. दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला टेकवलेला आणि अंग दरवाजाच्या दांडीवर रेललेलं. हातात काठी तेवढी कमी. खाकी कपड्यातला हा मेंढका पाहून शिरूर स्टँडवरची पोरं हसत, पण आण्णांना त्याचं काही नव्हतं. गाडी मात्र अशी चालवायचे की खिडकीशी बसलेल्या बाईच्या मांडीवरचं पोर जागं होत नसे. पाटसच्या कारखान्याचा हंगाम चालू झाला की उसाच्या बैलगाड्यांची रांग लागते, ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत रस्ता अडवतात. दुसरे ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच बसायचे. आण्णा शांतपणे बैलांच्या चालीनं मागून जायचे, जागा मिळाली की अलगद पुढं काढायचे.

फक्त एक खोड होती. त्यांना मागचं दिसायला हवं असायचं. गाडीला बाहेरून आरसे असतात, पण ते रस्त्यासाठी. आण्णांना माणसं दिसायला हवीत. म्हणून न्हावऱ्याच्या बाजारातून हा हिरवा आरसा घेऊन त्यांनी केबिनमध्ये काचेच्या वर तारेनं बांधला होता. गाडी कुठलीही मिळो, ड्युटीवर आले की पहिल्यांदा खिशातून तार काढून आरसा बांधणार, ड्युटी संपली की सोडून घेणार. त्यात मागच्या जाळीतून सगळी बाकं दिसायची. दर थोड्या वेळानं त्यांची नजर वर जायची. मी म्हणायचो, "आण्णा, मी आहे ना मागं." ते म्हणायचे, "तुमी हाय त्ये खरं. पर तुमी तिकिटं बघता."

या आरशापायी एकदा फार हसं झालं. राहूकडची धुरपदामावशी मेथीच्या जुड्या घेऊन दौंडच्या बाजाराला जायची. त्या दिवशी चौफुल्याला चहा झाला, मी गाडीत नजर टाकली, दोनदा घंटी दिली आणि गाडी निघाली. पाटस जवळ आल्यावर आण्णांनी गाडी बाजूला घेतली आणि जाळीतून म्हणाले, "मास्तर, एक कमी हाय."

"कोण?"

"मेथीवाली."

मी पाहिलं तर मावशी खरंच नव्हती. मी म्हणालो की मागून दुसरी गाडी येते, तिच्यात येईल. आण्णांनी ऐकूनच घेतलं नाही. सोलापूर हायवेवर पुढची-मागची वाहनं थांबवून त्यांनी ती अख्खी गाडी वळवली. लोक ओरडले, एकानं घड्याळ दाखवलं, कारखान्यातल्या एका साहेबानं तक्रार-पुस्तक मागितलं. चौफुल्याला पोचलो तर धुरपदामावशी झाडाखाली निवांत बसलेली. आण्णा केबिनमधून उतरले आणि म्हणाले, "मावशी, ऱ्हायलात की तुमी."

मावशी म्हणाली, "ऱ्हायले न्हाई. मी जीपनं जानार व्हते. तुमच्या गाडीत लई धूळ येती." मग सगळ्या गाडीकडं एकदा बघून तिनं पाटी उचलली. "आता आलाच हायसा तर बसते."

त्या दिवशी आगारात आम्हा दोघांनाही उशिराचं कारण लिहून द्यावं लागलं. मी मराठीत काय लिहावं म्हणून पेन चावत बसलो. आण्णांनी लिहिलं, "एक प्रवासी मागे राहिला होता." त्याखाली सही. त्यांच्या दृष्टीनं ते पुरेसं होतं. बाहेर आल्यावर मी चिडूनच विचारलं, "आण्णा, ही मेंढरं आहेत का?" तेव्हा त्यांनी मला वडिलांची गोष्ट सांगितली.

वडिलांचं नाव धुळाबा. सगळे आबा म्हणत. जन्म मेंढरांमागं गेलेला. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून कळप खाली कोकणाच्या अंगाला जायचा आणि पावसाआधी परत यायचा. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत, खताला. आण्णा लहानपणी त्याच पायवाटेवर वाढले. पुढं शाळेत गेले, ट्रॅक्टर शिकले, लायसन काढलं आणि एसटीत लागले. नोकरी लागल्याचे पेढे घेऊन ते थेट मेंढरांच्या वाड्यावर गेले. आबांनी पेढा खाल्ला, हात धोतराला पुसला आणि विचारलं, "तू बसनार कुठं?"

"म्होरं."

"आन् मानसं?"

"मागं."

"म्हंजी समद्यांकडं पाठ करून बसनार," आबा म्हणाले. "मंग राखनार कशी?"

आबांचं म्हणणं साधं होतं. राखणाऱ्यानं मागं असावं. कळप पुढं, माणूस मागं. मागं राहिलं की लंगडं दिसतं, गाभणं दिसतं, रेंगाळलेलं कोकरू दिसतं. आबा तरुणपणी एकदा कळपाच्या पुढं गाणी म्हणत चालले होते आणि मागच्या मागं लांडग्यानं दोन कोकरं उचलली. तेव्हापासून ते कधी पुढं झाले नाहीत. "लांडगा म्होरनं येत न्हाई," हे त्यांचं पालुपद. पोरानं असं काम धरलं ज्यात सगळा कळप पाठीमागं, हे त्यांना काही केल्या पटेना. रागावले नाहीत, बोलणं टाकलं नाही, सुनेच्या हातची भाकरी खात होते. फक्त मुलाच्या गाडीत बसायचं नाही, एवढंच. पंधरा वर्षांत एकदाही बसले नव्हते.

एसटीतल्या ड्रायव्हरला या गोष्टीचं किती लागतं ते बाहेरच्याला कळणार नाही. नवीन ड्रायव्हर लागला की पहिल्या महिन्यात आईबापाला गाडीत घालून आणतो. बाप इंजिनशेजारच्या आडव्या सीटवर बसतो आणि वाटेत भेटेल त्याला सांगतो की चालवणारा माझा पोरगा. आण्णांच्या गाडीत म्हाळसावहिनी बसल्या, पोरगा स्वराज बसला, सासुरवाडी बसली. ती आडवी सीट त्यांनी मनात एका माणसासाठी राखून ठेवली होती. तो माणूस त्याच रस्त्याच्या कडेनं मेंढरांमागं पायी चालत होता.

कळप रस्त्यात भेटला की आण्णा गाडी थांबवायचे. मेंढरं गाडीच्या दोन्ही बाजूंनी निघून जायची, सगळ्यात शेवटी आबा यायचे. लाल पटका, खांद्यावर घोंगडी, काठी. आण्णा खिडकीतून वाकून म्हणायचे, "आबा, येताव का?"

आबा थांबायचे नाहीत. चालता चालता म्हणायचे, "तुझं बघ. मागं लोक खोळंबल्यात."

मग आण्णा गिअर टाकायचे.

सत्त्याण्णव साल असेल. चौफुल्याला चहाला थांबलो होतो आणि मी कोश चाळताना 'ड्राइव्ह' या शब्दावर आलो. रोज तोंडात असलेला शब्द. ड्रायव्हर, ड्रायव्हिंग, ड्रायव्हिंग लायसन. त्यात काय बघायचं म्हणून मी पुढं जाणार होतो, पण ओळ दिसली आणि थांबलो. तिथं लिहिलं होतं की या क्रियापदाचा जुन्यातला जुना अर्थ गाडी चालवणं नाहीच. जनावरांना मागून पुढं रेटणं, हाकत नेणं, हा अर्थ. मोटार सोडा, इंग्लंडात धड रस्ते नव्हते तेव्हापासूनचा. हाकून चालवलेल्या कळपाला इंग्रजीत जो 'ड्रोव्ह' शब्द आहे तोही याच घरातला. जर्मन लोकांच्या भाषेत याचा भाऊ अजून गुरं हाकतो. गाडीचा अर्थ पुढं आला, तोही जनावराच्या गाडीचा, कारण गाडीवान बैल-घोड्यांच्या मागं बसून त्यांना हाकायचा. मग जनावर गेलं, इंजिन आलं, आणि शब्द तेवढा राहिला.

मी दोनदा वाचलं. मग वाटलं, अरे, आपल्याकडंही हेच की. आपण मेंढरं हाकतो आणि बैलगाडीही हाकतो. मोटार आल्यावर आपण हाकणं सोडून चालवणं म्हणायला लागलो. इंग्रजांनी जुनाच शब्द पुढं वापरला. मी उठून आण्णांकडं गेलो. ते एका पायावर उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी वर्गात शिकवावं तसं. वर्ग मिळाला नव्हता तो त्या दिवशी मिळाला.

आण्णांनी पाय खाली ठेवला. "म्हंजी मेंढरं हाकनारा त्योच ड्रायव्हर?"

"पहिला ड्रायव्हर तोच. आपण नंतरचे."

"म्हंजी आबा ड्रायव्हर हायती."

"तुमच्या आधीपासून."

त्यांनी कोशाच्या पानावर बोट ठेवलं, कुठं लिहिलंय ते दाखवायला लावलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्या ओळीवर बोट ठेवून ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, ह्ये आबांस्नी सांगाया पायजेल. मी सांगितलं तर ऐकनार न्हाईत. तुमी शिकल्यालं हाय."

पुढच्या सुट्टीला मी कोश पिशवीत घालून गेलो. कळप तेव्हा पारगावच्या अलीकडं एका कांद्याच्या रानात बसवला होता. दुपारची वेळ. मेंढरं माना खाली घालून एकमेकांच्या सावलीत उभी होती आणि आबा घोंगडीवर बसून लोकर कातरायच्या कात्रीला धार लावत होते. म्हाळसावहिनींनी बांधून दिलेली भाकरी आण्णांनी पुढं ठेवली. मी कोश उघडला आणि सुरुवात केली. मी चांगलं सांगितलं, हे मी स्वतः सांगतोय तरी खरं आहे. आबा कात्रीवरचा हात थांबवून ऐकत होते. माझं झाल्यावर त्यांनी कात्री बाजूला ठेवली.

"इंग्रजाला ह्ये ठावं व्हतं?"

"व्हय आबा. लिहून ठेवलंय."

"मंग त्यो मागनं उठून म्होरं कवा जाऊन बसला?"

मी बैलगाडी सांगितली. गाडीवान बैलांच्या मागं असतो, म्हणजे हाकणारा अजून मागंच. आबांना ते पटलं. "बरूबर. बैल म्होरं, मानूस मागं. आन् येष्टीत बैल कुठं हाय?"

आण्णा घाईनं म्हणाले, "इंजान, आबा. बैलाच्या जागी इंजान."

"त्ये तर तुझ्या मांडीला लागून हाय," आबा म्हणाले आणि भाकरी सोडायला लागले.

मला हसू आलं. खोटं कशाला बोलू, मी मोठ्यानं हसलो, कारण उत्तर खरोखर फक्कड होतं. जुन्या एसटीत इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच असतं आणि उन्हाळ्यात त्याची मांडी भाजते. आबाही गालात हसले. पण आण्णा हसले नाहीत. येताना मोटारसायकलवर ते माझ्या मागं बसले होते आणि न्हावऱ्यात उतरताच कोशाची पिशवी माझ्या हातात देऊन घराकडं चालू लागले. पोरानं पहिला आलो म्हणून घरी सांगायला जावं आणि घरच्यांनी चप्पल कुठं टाकली म्हणून विचारावं, तसं त्यांचं झालं होतं. मला फार वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या कोशाचा मला त्या दिवशी रागच आला.

पण आबांच्या डोक्यात काहीतरी राहिलं असावं. दुसऱ्या वर्षीची गोष्ट. हंगामाच्या तोंडाला, दिवाळीआधी, भीमेचा पूल ओलांडून वर आलो आणि पुढं उसाची ट्रॉली उलटलेली म्हणून गाडी बंद करून थांबावं लागलं. रस्ता मोकळा झाला तर गाडी चालूच होईना. बॅटरी बसलेली. मी दरवाजा उघडला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "चला, उतरा, धक्का मारायचाय." एसटीच्या प्रवाशाला हे वाक्य नवीन नव्हतं. पुरुष उतरले, मागं गेले आणि ढकलायला लागले. एक इकडून जोर करतोय, दुसरा तिकडून, तिसरा नुसता हात लावून चाललाय. गाडी दोन हात पुढं जाऊन परत मागं येत होती.

तेवढ्यात समोरून कळप आला. मेंढरं गाडीच्या कडेनं गेली आणि शेवटी आबा आले. ते थांबले. मी त्यांना गाडीजवळ थांबलेलं पहिल्यांदाच पाहिलं. थोडा वेळ त्यांनी आमची गंमत बघितली, मग कळप कुत्र्याच्या आणि घरातल्या एका पोराच्या स्वाधीन करून सरळ आमच्या मागं आले. "असं न्हाई," म्हणाले. काठीनं त्यांनी माणसं लावली. दांडगी मधी, बारकी कडेला, रेंगाळणाऱ्या एका गुरुजींच्या पाठीला काठीचं टोक लावून त्यांना आत घेतलं. स्वतः सगळ्यांच्या मागं उभे राहिले आणि तोंडानं हाळी दिली. जिभेवर घोळवलेला लांब हुर्रर्र आणि शेवटी एक तुटलेलं हाऽ. वीस माणसं एका दमात पुढं झाली. पुन्हा हाळी, पुन्हा रेटा. गाडीनं धूर सोडला, दोन आचके दिले आणि चालू झाली.

आण्णा इंजिन चालू ठेवूनच खिडकीतून वाकले. आरशात त्यांनी सगळं पाहिलं होतं. "आबा, चला न्हावऱ्यापातूर."

"मेंढरं हायती," आबा म्हणाले. मग वळता वळता गाडीच्या मागच्या पत्र्यावर त्यांनी काठी टेकवली. "तुझी गाडी बी मागनंच चालती की रं."

आण्णांना ते वाक्य पुढं वर्षभर पुरलं. शिरूर स्टँडवर, कँटीनमध्ये, दौंडच्या चहाच्या टपरीवर, ज्याला त्याला सांगायचे. मला तर इतक्यांदा सांगितलं की मी त्यांच्याआधी ते म्हणून दाखवायचो. आणि तरीही आडवी सीट रिकामीच राहिली.

मग दिवस पालटले. आमच्या डोळ्यांदेखत रानं भरत गेली. पाणी आलं, ऊस आला, पडीक माळावर तारेची कुंपणं आली, कुरकुंभला आणि रांजणगावला कंपन्या आल्या. मेंढरं न्यायची म्हटलं तर पाय ठेवायला जागा नाही. ज्यांच्या रानात पूर्वी मेंढरं बसवायला बोलावणं यायचं ते आता खताच्या गोण्या आणायला लागले. आबांचे गुडघे धरले. नातू स्वराज शिरूरला शाळेत जात होता, तो मेंढरांमागं जाणार नव्हता आणि त्यानं जावं असं आबांनाही वाटत नव्हतं. दोन हजार एक सालच्या उन्हाळ्यात त्यांनी कळप विकला. फलटणकडचा एक माणूस येऊन घेऊन गेला. आण्णा सांगत होते, आबा वेशीपर्यंत कळपाच्या मागं चालत गेले, तिथं थांबले, आणि त्या माणसाला एवढंच म्हणाले की एक भुरी मेंढी मागं राहती, तिला बघ.

त्यानंतर आबा घरी बसले. बसणं त्यांना येतच नव्हतं. म्हाळसावहिनी सांगायच्या, दारातल्या दोन शेरडांमागं दिवसभर हिंडतात, ती कुठं जात नाहीत तरी. संध्याकाळी पोरं शाळेतून येताना दिसली की उठून त्यांच्या मागं मागं वस्तीपर्यंत येतात. आण्णा आरशात बघायचे, पण आता त्यांचं लक्ष तिथं नसायचं. एकदा मला म्हणाले, "मास्तर, आबांम्होरं कायच न्हाई आता. बघावं कुनाकडं त्येंनी?" माझ्या कोशात त्याला शब्द नव्हता.

आणि मग त्या वर्षीच्या दसऱ्यानंतर, सकाळच्या फेरीला, न्हावऱ्याच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा खाली आबा उभे होते. लाल पटका, घोंगडी, काठी. बरोबर कोणी नव्हतं. मला वाटलं आण्णांना डबा द्यायला आले असतील. पण हातात काही नव्हतं. ते केबिनकडं गेलेच नाहीत. दारापाशी येऊन मला म्हणाले, "मास्तर, दौंडला जायाचं हाय. डोळं दावायचं हायती. मागं जागा हाय का?"

मी म्हणालो, "आबा, पुढं चला की. आण्णांच्या शेजारी जागा आहे."

"मागं हाय का?"

"मागं लई उडतंय आबा. हाडं मोकळी होतील."

"उडू द्या," म्हणाले आणि दांडी धरून चढले. न्हावऱ्याची गाडी, सगळी ओळखीची माणसं. पंधरा-वीस वर्षं हा माणूस या गाडीत बसला नाही हे साऱ्या मुलखाला ठाऊक. पुढच्या बाकावरचे दोघं उठले. धुरपदामावशी त्या दिवशी न्हावऱ्याच्या लेकीकडून परत निघाली होती, तिनंही पाटी उचलून जागा केली. आबा कुणाकडं न बघता मधल्या वाटेनं सरळ मागं गेले आणि शेवटच्या लांबलचक बाकाच्या मधोमध बसले, जिथं शहाणा माणूस बसत नाही. काठी दोन गुडघ्यांत उभी धरली. मग त्यांनी मान वर करून पुढं पाहिलं. बाकांवरून दिसणाऱ्या सगळ्या डोक्यांवरून त्यांची नजर सावकाश फिरली, पाटीवाल्या, टोपीवाले, वेण्या घातलेल्या शाळेच्या पोरी, एक रडकं पोर. "इथनं समदी दिसत्यात," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

मी पुढं पाहिलं. आण्णा आरशात बघत होते. किती वेळ बघत होते मला सांगता येणार नाही. त्यांचे डोळे मला आरशात दिसत होते आणि ते भरले होते. मग त्यांनी हात वर केला, तार सोडली, आरसा काढला आणि जाळीतून माझ्या हातात दिला.

"मास्तर, ह्यो ठिवा तुमच्या पेटीत," म्हणाले. "आज मागं आबा हायती."

मी आरसा पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी परत द्यायला गेलो तर त्यांनी घेतला नाही, आणि पुढं निवृत्त होईपर्यंत कधी मागितला नाही. आबा त्यानंतर तीन वर्षं होते. या सगळ्या नंतरच्या गोष्टी. त्या सकाळी एवढंच झालं की आण्णा पुढं तोंड करून बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि थांबले. मी सवयीनं घंटीच्या दोरीला हात घातला.

तेवढ्यात मागून हाळी आली. तीच, जिभेवर घोळवलेली, शेवटी तुटणारी. साऱ्या गाडीनं वळून पाहिलं. आण्णांनी वळून पाहिलं नाही. त्यांनी गिअर टाकला आणि गाडी हलली. मी दोरीवरचा हात काढून घेतला.